कस आणि भरवसा

कान सोनारानेच टोचावे, असे आपण म्हणतो. आणि त्याच तोंडाने सोनार, शिंपी व कुळकर्णी या तिघांची संगत नको, असेही म्हणतो. एका म्हणीत आपण आपल्या लेकराचा कान त्याच्या सुईखाली देतो, दुसरीत त्याच्या सावलीलाही उभे राहू नये असे सांगतो. म्हणींमध्ये असा विरोध नेहमीच असतो, कारण त्या अनुभवातून निघतात आणि अनुभव एकाच रंगाचा नसतो. वकिलांच्या वाट्याला आलेली लोकवचने पाहता या बाबतीत सोनाराची बाजू घेणे आम्हांस अवघड वाटत नाही. परंतु या दोन म्हणींच्या मधोमध एक खरा नैतिक प्रश्न उभा आहे. ज्याच्या हाती आपण घरचे सोने देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा की त्याची परीक्षा घ्यावी? परीक्षा घेतली तर विश्वासाचा अपमान होतो काय? आणि परीक्षा घेतली नाही, तर ज्याला आपण विश्वास म्हणतो तो निव्वळ आळस तर नव्हे?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचला नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतणीचा विवाह ठरला. आमच्या थोरल्या आत्याबाई आज ऐंशीच्या घरात आहेत; त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी आपल्या लग्नातल्या, १९६४ साली बेळगावात घडविलेल्या, दोन पाटल्या काढून पुतणीच्या हाती ठेवल्या आणि सांगितले की, या मोडून मंगळसूत्राच्या वाट्या आणि वधूवरांच्या अंगठ्या कराव्यात. पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या. स्त्रीधनाविषयी कायद्याचे म्हणणे आता स्वच्छ आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण धनीण केले, आणि स्त्रीधन नवऱ्याच्या वा सासरच्या हाती असले तरी ते केवळ ठेव म्हणून असते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. तेव्हा आत्याबाईंच्या देण्यात कोणाची संमती लागत नव्हती. लागत होता तो एक चांगला सोनार.

पुतणीची इच्छा पेढीवरून तयार दागिना घेण्याची नव्हती. काचेच्या कपाटातल्या शंभर अंगठ्यांतून एक उचलण्यापेक्षा आपल्या बोटाचे माप देऊन, आपल्या घरच्या सोन्याची अंगठी घडवून घ्यावी, असे तिला वाटले. वराचेही तेच मत पडले. वस्तुतः साखरपुड्याला अंगठ्या बदलणे हा आपला शास्त्रोक्त विधी नव्हे. गृह्यसूत्रांनी पाणिग्रहण आणि सप्तपदी सांगितली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातव्या पावलावर विवाह पूर्ण होतो असे म्हटले. गोव्यात तर विवाहाला नागरी नोंदणीचे महत्त्व आहे. अंगठी कोठेच आवश्यक नाही, आणि मंगळसूत्रही कायद्याच्या दृष्टीने आवश्यक नाही. पण जे कायद्याला आवश्यक नसते त्यातच माणसाचे मन पुष्कळदा गुंतलेले असते.

आत्याबाईंच्या पाटल्या ज्यांनी घडविल्या त्यांचे नातू आजही बेळगावात त्याच धंद्यात आहेत. घराणे मूळचे गोव्याकडचे, म्हणून सारे त्यांना शेट म्हणतात. दुकान असे नाहीच. घराच्या ओसरीला लागून एक खोली, तीत शेगडी, ऐरण, तारा ओढण्याची पट्टी, फुंकणी, मुशी आणि भिंतीला टेकवलेला तराजू. खाली पाट पसरलेला, आणि त्यावरचा केर कधी बाहेर फेकीत नाहीत. कारण त्या केरातही सोन्याचे कण असतात आणि तो धुऊन सोने काढणारे झारेकरी एके काळी यावरच पोट भरीत. आम्ही जाताना घरून एक कच्ची पावती लिहून नेली होती. वजन, वस्तू, घडणावळ, तूट, मुदत असे सारे कलमवार. शेटांनी ती वाचली, हसून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, सही करतो. पण आधी कस पाहू द्या. कस न पाहता सही केली, तर ती सही खोटी.”

त्यांनी कसोटीच्या काळ्या दगडावर पाटलीची एक रेघ ओढली, शेजारी माहितीच्या सोन्याच्या सळ्यांच्या रेघा ओढल्या, वर तेजाबाचा थेंब सोडला आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग दुसरी पाटली घासली. नंतर दगड आमच्याकडे फिरवून ते हलकेच म्हणाले, “हे बावीस नव्हे. चौदाच्या आसपास आहे. दोन्ही पाटल्या एकाच मुशीतल्या आहेत, आणि हात आमच्या आजोबांचा आहे. आतला शिक्का त्यांचाच.”

हिशेब करणे आम्हांस चुकवता आले नाही. चोवीसांत चौदा भाग सोने, म्हणजे चार तोळ्यांत शुद्ध सोने अडीच तोळ्यांहून कमी, दोन आणि एकतृतीयांश तोळे. त्याचे बावीस कॅरटाचे सोने केले तर ते जेमतेम अडीच तोळ्यांवर जाते. साठ वर्षे आमच्या घरात ज्या पाटल्यांचा उल्लेख बावीस कॅरटाच्या म्हणून होत आला, त्यांतले दीड तोळा सोने नव्हतेच. आमच्या मनात पहिला विचार काय आला, ते लपवून उपयोग नाही. म्हातारा सोनार फसवून गेला, हाच तो विचार. समोर त्याचा नातू बसला होता, त्यानेच हे आम्हांस सांगितले होते. न सांगता पाटल्या वितळवल्या असत्या तर आम्हांस कळलेही नसते. तरीही आम्ही मनातल्या मनात आरोपपत्र लिहायला बसलो.

या संशयाला परंपरेचा आधार थोडाथोडका नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्ष आणि सौवर्णिक यांवर दोन स्वतंत्र अध्याय खर्ची घातले आणि सोने चोरण्याचे पाच मार्ग सांगितले. तराजूतील लबाडीपासून मुलाम्याच्या फसवणुकीपर्यंत त्याने एकेक युक्ती अशा बारकाईने वर्णिली की, वाचणाऱ्याला तो स्वतः भट्टीपाशी बसून आला असावा असे वाटते. मनुस्मृतीने नवव्या अध्यायात अप्रामाणिक सोनाराला जी शिक्षा सांगितली ती येथे लिहवत नाही. याज्ञवल्क्याने तर तुटीचे कोष्टकच दिले. अग्नीत सोने घटत नाही; रुपे शंभर पलांमागे दोन पले, कथील आणि शिसे आठ, तांबे पाच आणि लोखंड दहा पले घटते. म्हणजे लोहाराने तूट सांगितली तर ऐकावी, सोनाराने सांगितली तर ऐकू नये. याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, आणि हिंदू कायद्याचा मोठा भाग तीवर उभा राहिला. तात्पर्य, आपले धर्मशास्त्रकार भोळे नव्हते. परीक्षा घेणे म्हणजे अपमान करणे, असे त्यांच्यापैकी कोणी मानल्याचे दिसत नाही.

कौटिल्याचा आणखी एक नियम मात्र आमच्या मनात घर करून राहिला. ज्या वर्णाचे व ज्या वजनाचे सोने कारागिराने घेतले, तसेच त्याने परत द्यावे. काळ लोटला तरी, झीज सोडून, ते तसेच परत घ्यावे. काळ लोटला तरी! साठ वर्षे लोटल्यावर आजोबांच्या हातच्या सोन्याचा जाब नातवाने द्यावा काय, हा प्रश्न जणू कौटिल्यानेच आमच्यापुढे ठेवला.

शेटांनी त्याचे उत्तर आमच्याआधी शोधले होते. ते म्हणाले, “आजोबांनी लबाडी केली असेल तर भरून देणे माझ्याकडे लागले. पण साल कोणते म्हणालात? चौसष्ट ना? मग जरा थांबा.”

आणि आम्हांस आमचेच शास्त्र आठवले. १९६३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी केले. चीनशी युद्ध नुकतेच झाले होते, परकी चलनाची चणचण होती, सोन्याची चोरटी आयात थांबवावयाची होती. त्या नियमांनी चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. देशभर हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या. कित्येकांनी धंदे बदलले, कित्येकांनी जीव दिला. पुढे हळूहळू ती मर्यादा सैल झाली, १९६८ साली स्वतंत्र कायदा आला आणि १९९० साली तोही रद्द झाला. आज चाळिशीच्या वकिलालाही हे नियम केवळ कायद्याच्या इतिहासात भेटतात. पण ज्या वर्षी आत्याबाईंच्या पाटल्या घडल्या त्या वर्षी सोनाराच्या उंबरठ्यावर तो कायदा उभा होता.

येथे नीतीचा प्रश्न एकदम उलटा होतो. त्या काळी ज्याने बावीस कॅरटाची नवी पाटली घडविली त्याने कायदा मोडला. ज्याने चौदा कॅरटाची घडविली त्याने कायदा पाळला. आणि आज, साठ वर्षांनी, पहिल्याच्या नातवाला गिऱ्हाईक प्रामाणिक घराण्याचा म्हणते, तर दुसऱ्याच्या नातवाकडे संशयाने पाहते. दगडावरची रेघ दोघांविषयी खरे सांगते, पण अर्धेच सांगते. ती सोन्याचा कस सांगते. माणसाचा सांगत नाही. चौदा कॅरट हे पाप नव्हे. चौदाला चौदा म्हटले तर तो सचोटीचा व्यवहार झाला. बावीसला चोवीस म्हटले तर तीच फसवणूक झाली. लबाडी धातूत नसते, शब्दात असते. म्हणून विचारावयाचे ते हे की, त्या वेळी कोणी कोणाला काय सांगितले?

हे सांगू शकणारी एकच व्यक्ती हयात होती. आम्ही आत्याबाईंकडे गेलो, आणि वकील साक्षीदाराला विचारतो तसे आडवळणाने विचारू लागलो. त्यांनी आम्हांस मध्येच थांबविले. “अरे, मला का ठाऊक नव्हते? सोनाराने बाबांना माझ्यासमोर सांगितले होते, की सरकारचा हुकूम आहे, चौदाच्या वर करता येणार नाही. बाबांनीच त्याला शपथ घातली, की व्याह्यांच्या कानी हे जाऊ देऊ नको. याद्यांत त्यांनी ‘पाटल्या चार तोळे’ एवढेच लिहिले होते. वजन बरोबर होते ना!” हे त्यांनी कायद्याच्या भीतीने केले की पैशाच्या ओढीने, असे विचारता त्या एवढेच म्हणाल्या, “दोन्ही असेल. आता त्यांना कुठे विचारतोस?”

म्हणजे खोटे सोनाराच्या मुशीत नव्हते. ते आमच्या घरच्या यादीत होते. आणि तेही किती सफाईचे! वजन खरे, कसाविषयी मौन. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम आम्ही किती वेळा न्यायालयात वाचून दाखविले असेल. नुसते गप्प राहणे म्हणजे लबाडी नव्हे. मात्र बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा गप्प राहणेच बोलण्यासारखे असेल, तर ती लबाडी होते. त्या कलमाखालचा दृष्टान्त घोड्याचा आहे. एकाने सदोष घोडा लिलावात दुसऱ्याला विकला आणि दोषाविषयी काही सांगितले नाही. ही लबाडी नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. नाते आले की मौनाचा अर्थ बदलतो, हे त्या रूक्ष कायद्याने किती नेमके ओळखले आहे! आमच्या आजोबांनी मुलीला अंधारात ठेवले नाही. ज्यांच्या घरी ती द्यावयाची त्यांना ठेवले. सोयरीक जुळवताना लपवले, म्हणजे जेथे बोलणे अगत्याचे होते तेथेच ते गप्प राहिले. आणि त्या मौनाचे ओझे साठ वर्षे वाहिले ते त्या मुलीने. सासरी कोणी पाटल्या हातात घेऊन पाहिल्या की आपल्या पोटात धस्स होई, असे आत्याबाईंनी त्याच दिवशी पहिल्यांदा आम्हांस सांगितले.

राहिला तो म्हातारा सोनार. त्याने ज्याचे काम केले त्याला खरे सांगितले आणि घातलेली शपथ पाळली. गिऱ्हाइकाचे गुपित राखणे हा आमच्याही धंद्याचा धर्म आहे, तेव्हा त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. व्याह्यांनी त्याला विचारले असते आणि तो खोटे बोलला असता, तर गोष्ट निराळी. पण त्यांनी विचारलेच नाही. त्यांचा, म्हणे, विश्वास होता.

येथे आम्ही आमच्या मूळ प्रश्नाशी परत येतो. त्या विश्वासाने कोणाचे भले झाले? व्याही फसले, आत्याबाई झुरल्या, आमचे आजोबा खोट्यात राहिले, आणि ज्याने काही गैर केले नव्हते त्या सोनाराच्या नावावर, त्याच्या मरणानंतर, आमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने क्षणभर का होईना चोरीचा ठपका ठेवला. एका दगडावरची एक रेघ त्याच वेळी ओढली गेली असती तर हे चौघेही वाचले असते. परीक्षा ही संशयाची मुलगी आहे असे आपण समजतो. पुष्कळदा ती संशयाची मात्रा असते.

देवालयांच्या कारभारात वावरणाऱ्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. देवाचे अलंकार एका कारभाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हा ते मोजून, तोलून, वहीशी ताडून घ्यावे लागतात. तेव्हा नवा कारभारी जर “तुमच्यावर माझा विश्वास आहे, मोजायचे कशाला?” असे म्हणाला, तर जुना शहाणा कारभारी किल्ली हाती ठेवणार नाही. तो म्हणेल, “माझ्यावर विश्वास आहे म्हणूनच मोजा, उद्या मी नसेन तेव्हा माझ्यासाठी ही वही बोलेल.” मोजणे हे येथे जाणाऱ्याच्या अब्रूचे रक्षण असते.

नरहरी सोनाराची कथा पंढरीच्या वाटेवर लहानथोरांना ठाऊक आहे. कट्टर शिवभक्त नरहरीला विठोबाच्या कमरेचा अलंकार घडवावयाचा होता. देवाचे दर्शन घ्यावयाचे नाही, असा त्याचा नेम. म्हणून दुसऱ्याने आणून दिलेल्या मापावर त्याने तो घडविला. एकदा सैल झाला, एकदा आखूड झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून तो माप घ्यायला गेला. हाताला शंकराची चिन्हे लागली, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरिहरांच्या ऐक्याची कथा म्हणून आपण ती ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण तीत कारागिरीचाही एक धडा आहे. ऐकीव मापावर घडविलेली वस्तू अंगाला बसत नाही. नरहरीचा अडथळा अविश्वासाचा नव्हता. जवळ जाऊन हात लावण्याची त्याची तयारी नव्हती, एवढाच होता. आमच्या व्याह्यांचा विश्वासही असाच दुरून ठेवलेला होता.

कोणी म्हणेल, आता या साऱ्याची चिंता कशाला? सरकारी छाप आहे ना! भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची छाप देण्याची योजना २००० साली सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची ओळखखूण नसलेला छापाचा दागिना सराफाला विकता येत नाही. बावीस कॅरटावर ९१६, अठरावर ७५०, चौदावर ५८५ असा आकडा उमटतो. छापापेक्षा कस कमी निघाला तर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला फरकाच्या दुप्पट भरपाई द्यावी, असा नियम आहे. ही चांगली गोष्ट आहे, आणि जुन्या घरगुती सोनाराच्या आठवणीत रमून तिला नाके मुरडणे आम्हांस मान्य नाही. ज्यांची पिढ्यान्पिढ्या एका गावी घरे आहेत त्यांना वंशपरंपरेचा सोनार असतो. परगावी पोटासाठी गेलेल्या बाईला, पहिली कमाई घेऊन पेढीवर चढलेल्या मुलीला तो कोठून असणार? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे आपले लोक प्रथम गेले तेव्हा तेही असेच परके होते. छाप ही परक्याची मैत्रीण आहे. ओळख नसलेल्याला ती ओळख देते.

पण छाप काय सांगते आणि काय सांगत नाही, हे उमजले पाहिजे. ती धातूविषयी बोलते. माणसांनी एकमेकांना काय सांगितले आणि काय लपविले, हे तिला ठाऊक नसते. चौदाचा छाप असलेली पाटली यादीत नुसती ‘चार तोळे’ म्हणून लिहिता येतेच. शिवाय घरचे सोने देऊन वस्तू घडवून घेण्यात एक निराळेच नाते असते. करार कायद्यात त्याला निक्षेप म्हणतात. वस्तू आपली, हात त्याचा. ठेवलेल्या वस्तूची आपल्याच वस्तूसारखी काळजी त्याने घ्यावी. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार त्याला आहे, आणि कायद्याने याचा दृष्टान्तही रत्नकाराचाच दिला आहे. आपल्या वस्तूत त्याने परवानगीवाचून दुसरी मिसळली आणि ती निवडता येईना, तर भरपाई त्याने द्यावी; येथला दृष्टान्त उंची पिठात हलके पीठ मिसळल्याचा. पीठ काय नि सोने काय, एकदा मिसळले की निवडता येत नाही. म्हणूनच मुशीत घालण्यापूर्वी बोलावे लागते. मूस तापल्यावर सारे शब्द उशिरा येतात.

आता सोन्याचे काय करावयाचे ते ठरवावयाचे होते. शेटांनी दोन मार्ग सांगितले. तेजाबाने शोधून शुद्ध सोने काढावे आणि त्याचे बावीस करावे. किंवा नवे सोने घेऊन हे जुने मोडीत द्यावे. आमचे मन पहिल्याकडे झुकत होते, आणि खरे सांगावयाचे तर त्यात थोडी लाजही होती. चौदाचा मागमूस पुसला जावा, अशी. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सोन्याचा दृष्टान्त घेतला आहे. गोळा मोडून एक दागिना होतो, तो मोडून दुसरा, तो मोडून तिसरा. आकृती नाश पावतात, द्रव्य तेच राहते. आम्ही पुतणीला हे पांडित्य ऐकविले, की शोधले तरी सोने आत्याबाईंचेच राहील. ती म्हणाली, “द्रव्य राहील, काका, पण जे साठ वर्षे लपवले तेही लपूनच राहील. अंगठ्या चौदाच्याच होऊ द्या.”

शेटांनी मान डोलावली. अंगठीला चौदा बरेच, असे ते म्हणाले. रोजच्या वापरात बावीस मऊ पडते, चौदा टणक राहते, झीज कमी होते. वाट्यांसाठी बावीसचे सोने नवे घ्यावयाचे ठरले. पाटल्यांपैकी अंगठ्यांना लागले तेवढे घेऊन उरलेले सोने लगडी करून परत करण्याचे कबूल झाले. मग त्यांनी आमची पावती पुढे ओढली आणि आम्ही जेथे नुसते वजन लिहिले होते तेथे आपल्या हाताने लिहिले, “कस चौदा. १९६४ सालच्या पाटल्यांचे सोने. आजोबांच्या हातचे.” एवढ्या साऱ्या कलमांत कसाचा रकाना ठेवायला आम्ही वकील असून विसरलो होतो! आजोबांचीच चूक, फक्त हेतूवाचून.

दुसऱ्या दिवशी आम्ही वराच्या घरी गेलो आणि सारी हकीकत सांगितली. आजोबांचे नाव घेऊन सांगणे सोपे नव्हते. वराच्या वडिलांनी ऐकून घेतले, थोडा वेळ ते स्तब्ध राहिले आणि मग आतून एक पेटी आणवून म्हणाले, “आता आमच्याकडचेही कसावर लावून घेऊ. आम्हांलाही नक्की ठाऊक नाही.” दोन्ही घरांत हसू उसळले. एकाने खरे सांगितले की दुसऱ्याला सांगणे सोपे जाते, हे त्या दिवशी आम्हांस जितके पटले तितके कोणत्याही निवाड्याने पटविले नव्हते.

अंगठ्या तयार झाल्या तेव्हा शेटांनीच त्या तपासणी केंद्रात पारखून घेण्याचा आग्रह धरला, आणि आम्हीही आता संकोच केला नाही. निकाल आला तो चौदाचाच. आम्ही ती चिठ्ठी आत्याबाईंना वाचून दाखविली. त्यांनी अंगठी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “बघा, आता कुणी हातात घेतली तरी भीती नाही.”

विवाहाला कसोटीचा दगड नाही. दोन माणसांच्या पुढल्या पन्नास वर्षांवर छाप उमटविणारे केंद्र कोणत्याही सरकारला काढता येणार नाही. तेथे शेवटी भरवसाच ठेवावा लागतो. पण जेथे पाहणे शक्य आहे तेथे पाहून घेणारा आणि जेथे सांगणे शक्य आहे तेथे सांगून टाकणारा माणूसच, जेथे पाहता येत नाही तेथे भरवसा ठेवायला आणि ठेवून घ्यायला पात्र होतो. सोनार सोने तापवितो ते त्याला सोन्याविषयी शंका आहे म्हणून नव्हे. त्यातून काही घडवावयाचे आहे म्हणून. आपल्या घरांतही सोयरिकीच्या याद्या होत राहतील. त्यांत तोळे लिहिताना शेजारी कसाचाही एक रकाना असावा, आणि तो वधूच्या नव्हे, लिहिणाऱ्याच्या धैर्यावर भरावा, एवढेच आमचे मागणे आहे.